अर्जदार उत्तम पोहतो

अर्ज लिहावा तर वली परकारनं! हे मी नाही म्हणत, दुबईतलं अख्खं देरा म्हणतं. म्हणजे खरं सांगायचं तर मी म्हणतो आणि बाकीचे मान डोलवतात, पण ते एकच झालं! साल अडुसष्ट. दुबईत डांबरी रस्ते बोटावर मोजण्याइतके आहेत आणि टाइपरायटरवर दहाही बोटं चालवणारे त्याहून कमी. कुणाची पेटी कस्टममध्ये अडकली, कुणाला दुकानावर पाटी लावायची आहे, सगळे खाडीकाठच्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी येतात. मी एकदा 'रिस्पेक्टेड सर' असं टाइप केलं की निम्मं काम तिथेच झालं, अशी माझी ख्याती आहे.

म्हणून मी छाती ठोकून रशीदाला सांगितलं, "तळं ना? महिन्याच्या आत मागच्या अंगणात तळं! अर्ज टाकतो आणि खलास!"

रशीदा माझी बायको. लग्नानंतर तीन वर्षं आम्ही संसार केला तो पत्रांतून. ती कोकणात बाणकोटला आणि मी इथे, जहूर नावाच्या घोरणाऱ्या दोस्ताबरोबर आणखी सहाजणांच्या खोलीत. शेवटी मालकांनी त्यांचं एक जुनं घर राहायला दिलं. "मागे अंगण आहे, काय हवं ते कर, फक्त चार भिंती उभ्या ठेव," म्हणाले. मी बायकोला बोलावून घेतलं. मी खोली सोडली त्या दिवशी जहूर दारात उभा राहून म्हणाला, "वल्या, तुझी खाट मी कुणाला देत नाही हां. बायका इथे टिकत नाहीत."

मला वाटलं होतं, माझी बायको टिकेल. तिनं घर लावलं. शेजारच्या उम्म खलफशी, म्हणजे खलफच्या आईशी, भिंतीवरून ताटांची देवघेव सुरू केली. इकडून सांदण जायचं, तिकडून खजूर यायचे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तरी त्या तासन्‌तास बोलायच्या, हे मला आजही उलगडलेलं नाही.

पण उन्हं तापायला लागली तशी रशीदा गप्प होत गेली. एक दिवस ऑफिसातून आलो, तर ही अंगणात कपड्यांच्या टबात पाय सोडून, डोळे मिटून बसलेली.

"काय करतेस?"

"बाणकोटला गेलेय," ती डोळे न उघडता म्हणाली. "भरती लागलीय. बोलू नका."

 बाणकोटच्या खाडीत या मुली काय पोहायच्या! दुपार उतरली, अस्रच्या नमाजाला पुरुष माणसं मशिदीत गेली की किनारा यांचाच. एवढ्याशा टबातल्या पाण्यात तिची बोटं हलत होती आणि पाण्यावरचं ऊन भिंतीवर थरथरत होतं. मीही शेजारी बसलो. क्षणभर मलाही समोरचा वेसवीचा डोंगर दिसला, होडी दिसली, आणि होडीत बसलेलो मी दिसलो. होडीला घट्ट धरून बसलेलो!

कारण मला पोहता येत नाही. कोकणात जन्मलो, खाडीकाठी वाढलो आणि पोहता येत नाही! मी तान्हा असताना कुणीतरी आईला सांगितलं होतं, पोराला पाण्याचा घात आहे. तेव्हापासून तिनं मला घोट्याच्या वर भिजू दिलं नाही. दुबईला आलो तो आगबोटीच्या मधोमध एका खांबाला मिठी मारून.

रशीदानं डोळे उघडले. "अहो, इथे सगळं आहे. तुम्ही आहात. पण पाण्याशिवाय माझा जीव सुकतो. रागावू नका, पुढच्या महिन्याच्या आगबोटीनं मी घरी जाऊन येते."

'जाऊन येते' म्हणून गेलेल्या बायका देऱ्यात पुन्हा कधी दिसल्या नव्हत्या.  समुद्र होता, खाडीही होती, पण काठावर सगळीकडे हमाल आणि खलाशी. तिथे बाईमाणसानं पाण्यात उतरायचं कसं? तेव्हा मी ती ऐतिहासिक घोषणा केली. अंगणातच तळं! पोहता येईल एवढं, उंच भिंतींच्या आत. रशीदाचा चेहरा असा उजळला की मला त्याच क्षणी टाइपरायटरचे खटके ऐकू यायला लागले.

नगरपालिकेला सगळे बलदिया म्हणतात. तिथे परवानग्यांचं काम बघतात मुनीरसाहेब, मूळचे कराचीचे. भला माणूस, पण फूटपट्टी घेऊन जन्माला आलेला. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"परकारसाहब, एक तरफ समंदर, दूसरी तरफ खाडी. और आपको बीच में तालाब चाहिये?"

"हां जी."

"कायदा ये है कि गड्ढा पडोसी की दीवार से दस हाथ दूर हो. आपका पूरा आंगन बारह हाथ! हां, पडोसी मेरे सामने राजी हो जाये तो छूट मिल सकती है. लेकिन वजह पक्की चाहिये. तैरेगा कौन?"

आली का पंचाईत! आता तुम्हीच सांगा, परक्या पुरुषासमोर 'माझी बायको पोहते' म्हणायचं? आमच्यात बायकोला बरं नसलं तरी डॉक्टरला 'घरच्यांना ताप आहे' असं सांगतात. इथे तर पोहणं! मुनीरसाहेबांची पेन्सिल थांबली होती. मला ती भिंतीवरची थरथरती उन्हं दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "मैं! मैं तैरता है!"

"आप?"

"बहुत! बचपन से! पानी के बिना जीव सूखता है मेरा!"

मुनीरसाहेबांनी आदरानं माझ्याकडे पाहिलं आणि कागदाच्या समासात टिपून ठेवलं, 'अर्जदार उत्तम पोहतो.' मला जरा बरंच वाटलं. सरकारी कागदावर का होईना, मी पोहत होतो!

शेजारी म्हणजे उम्म खलफचे यजमान, खलफचे वडील, बू खलफ. सत्तरीचे, ताडमाड, आणि मुसलमान मोहल्ल्यातल्या कुठल्याही आजोबांसारखेच दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घेणारे. तरुणपणी ते मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचे. मोती घेऊन गलबतानं मुंबईला जायचे, त्यामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी यायचं. पुढे मोत्यांचा धंदा बसला, गलबतं किनाऱ्यावर वाळत पडली आणि बू खलफही.

शुक्रवारी अस्रनंतर दोघांना घरी बोलावलं. मुनीरसाहेब टेप घेऊनच आले आणि बसल्या बसल्या बू खलफना माझ्या पोहण्याचं कौतुक सांगून मोकळे झाले. पडद्यामागून रशीदानं कॉफी पाठवली. आपल्याकडची, दूध, साखर आणि जायफळ घातलेली. मुनीरसाहेबांनी मिटक्या मारल्या. बू खलफनी कप घेतला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि घोटही न घेता कप समोर खाली ठेवला!

 त्यांची कॉफी कडू आणि बिनदुधाची असते, हे कसं लक्षात आलं नाही? पाहुणा घोट न घेता कप खाली ठेवतो म्हणजे घराण्याची अब्रू गेली!

"पियो ना, बू खलफ!"

त्यांनी मान हलवली. "पहले हमारा बात."

"बात बाद में! पहले पियो!"

"नहीं. बात मंजूर, फिर पियेगा."

"मंजूर! सब मंजूर! हमारा कसम है, पियो!" कोकणातला यजमान म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. पाहुण्यानं पोट भरलं म्हटलं तरी आणखी एक घावन वाढतो! मी अक्षरशः हात जोडले. "तुम जो बोलेगा, मंजूर!"

बू खलफनी कप उचलला, एका दमात रिकामा केला आणि उठून मला कडकडून मिठी मारली. मुनीरसाहेब टेप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"परकारसाहब, आपको पता है आपने क्या किया?"

"कॉफी पिलाया!"

"इन लोगों में बडी बात मांगनी हो तो मेहमान प्याला नीचे रख देता है. मेजबान हां कहे, तभी पीता है. और एक बार हां कहा, तो फिर मुकर नहीं सकते. सारी गली में थू-थू हो जायेगी!"

"मांगा क्या है लेकिन?" मी कसंबसं विचारलं.

बू खलफचे डोळे पाणावले होते. "वली, तुम पानी का आदमी, हमको मालूम नहीं था! हमारा साथी सब मर गया. लडका लोग मोटर चलाता है, पानी को हाथ नहीं लगाता. जुमेरात को तुम हमारे साथ खाडी में डुबकी मारेगा. एक बार. बाद में तुम्हारा तालाब, हमारा दीवार, सब राजी."

"मैं भी आऊंगा," मुनीरसाहेब उत्साहानं म्हणाले. "आंखों से देखकर ही दस्तखत करूंगा!"

घ्या! बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. मी तर अजून पाण्यात उतरलोही नव्हतो! खरं सांगावं तर बायकोचं नाव चारचौघांत घ्यावं लागणार, आणि वर सरकारी कागदावर खोटं बोललो ते निराळंच. शब्द मोडावा तर तळं गेलं, आगबोट आली आणि जहूरच्या खोलीतली खाट माझी वाट बघतेच आहे.

 पाहुणे गेल्यावर पडद्यामागे बघतो तर रशीदा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. पण मग तिनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि म्हणाली, "उठा. मी शिकवते."

"पाणी कुठाय?"

"आधी कोरडं शिका."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी अंगणात माझी शिकवणी सुरू झाली. बाजेवर मी पालथा. हातपाय दोन्हीकडे हवेत. डोक्याशी रशीदा हातात पळी घेऊन उभी. "पाय मारा! गुडघे नका वाकवू, पाय मारा! हातांनी पाणी कापा! तोंड वळवा, श्वास!" आणि मग टबात डोकं बुडवून दम धरायचा. पहिल्याच दिवशी नाकातोंडात पाणी गेलं आणि मी त्या टबात बुडता बुडता वाचलो.

पण त्या संध्याकाळी, खरं सांगू? मला कशाची घाई नसायची. बाजेवर पालथा पडून मी डोळे मिटायचो. रशीदा बोलत राहायची. भरती कशी ओळखायची, पाण्याशी भांडायचं नाही, पाठीवर पडून आभाळ बघायचं. तिचा आवाज ऐकता ऐकता मला बाज हलतेय असं वाटायचं, खाली हिरवं पाणी दिसायचं, आणि आम्ही दोघं कुठेतरी बाणकोटच्या मुखाशी तरंगत असायचो. तीन वर्षांच्या पत्रांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. मग पळी पाठीत बसायची. "झोपलात? पाय मारा!"

एकदा पाठीवर वळून आभाळ बघत होतो, तर शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमागे काहीतरी हललं. मांजर असेल म्हणून मी सोडून दिलं.

गुरुवार उजाडला. धक्क्यावर जहूर हजर! "वल्या, ऑल द बेस्ट. खाटेवरची चादर बदललीय."

होडीत बू खलफ, मुनीरसाहेब आणि मी. बू खलफनी जुनी पेटी उघडली. नाक दाबून धरायचा शिंगाचा चिमटा माझ्या नाकाला लावला, कमरेला दोरी बांधली आणि एक भलामोठा दगड माझ्या पायाशी आणून ठेवला. दगडाच्या दोरीत पाय अडकवायचा म्हणजे बुडी मारणारा सरळ तळाशी जातो. वर यायचं तेव्हा कमरेच्या दोरीला हिसका द्यायचा.

"पत्थर... जरूरी है?" मी चिमट्यातून विचारलं.

"पत्थर के बिना नीचे कैसे जायेगा?"

त्याची काळजीच नव्हती, पण ते सांगणार कसं? मी आईची आठवण काढली. घात आहे म्हणणाऱ्याची त्याहून जास्त काढली. मुनीरसाहेब पेन्सिल घेऊन सरसावून बसले. "यल्ला, चलो!" बू खलफ ओरडले, आणि मी बिस्मिल्ला म्हणून डोळे मिटले.

मी गेलो! असा गेलो की काय सांगू! ना हात मारले ना पाय. रशीदानं शिकवलेलं सगळं वरच राहिलं, होडीत. दगड पुढे आणि त्याच्या मागे मी. तळ लागला तेव्हा डोळे आपोआप उघडले.

खाली शांत होतं. हिरवट, दुधाळ उजेड. वरून होडीची सावली हळूहळू डुलत होती. एक मासा आला, माझ्याकडे बघून गेला. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटलंच नाही. वाटलं ते एवढंच की रशीदा यासाठीच झुरत होती. आपण तीन वर्षं पत्रं लिहिली, खुशाली विचारली, साबण पाठवले, अत्तरं पाठवली, आणि ही कशाची माणूस आहे ते आज कळतंय! मी तिथेच उभा राहून रशीदाचा विचार करत बसलो. इतका की दोरीला हिसका द्यायचा असतो, हेच विसरून गेलो.

आठवलं तेव्हा छाती फुटायला आली होती. मग मात्र मी तळाचं हाताला येईल ते धरलं आणि दोरीला असे हिसके दिले की होडी उलटायचीच बाकी राहिली.

वर आलो तो खोकत, ओकत, डोळे पांढरे करून. मुनीरसाहेब टाळ्या वाजवत होते. "क्या दम है! माशाल्ला, क्या दम है!" माझ्या मुठीत एक फुटकी चप्पल होती. बू खलफनी ती काढून घेतली, निरखून बघितली आणि हसायला लागले. सत्तरीचा माणूस, पण होडी हलेपर्यंत हसला. मग मुनीरसाहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्या कानाशी वाकला.

"वली, तुम पानी का आदमी नहीं."

"नहीं," मी म्हणालो. आता लपवायचं काय?

"हमको कल मालूम हुआ. घरवाला लोग छत से देखा. तुम खटिया पर, और तुम्हारा घरवाला लोग चमचा लेकर..."  पुढचं चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतंच. "फिर भी तुम आया. पत्थर बांधा. हबीबी, क्यों आया?"

मी किनाऱ्याकडे बघत म्हणालो, "घरवाला लोग के वास्ते."

बू खलफनी ओल्या दोरीची गुंडाळी केली. मग म्हणाले, "हमारा घरवाला लोग भी समंदर का है. उम्म अल कुवैन गांव का. छोटा था तब मछली माफिक तैरता था. हमारे साथ शादी करके देरा आया, चालीस साल पानी में पांव नहीं डाला. हम इतना साल समंदर में रहा, कभी पूछा नहीं." त्यांनी डोळे पुसले. खारं पाणी उडालं असेल. "तुम्हारा तालाब में थोडा जगह है?"

कॉफी नव्हती, कपही नव्हता. तरी मी म्हणालो, "मंजूर!"

मुनीरसाहेबांनी होडीतच सही ठोकली. 'विशेष बाब म्हणून परवानगी. अर्जदाराची पोहण्याची क्षमता प्रत्यक्ष तपासली.'

तळं खणायला चार माणसं लावली. कमरेएवढं खाली गेलं नाही तोच वाळूतून पाणी आपणहून झिरपायला लागलं. खारं, थेट समुद्राचं! रशीदा काठावर बसून ते चढताना बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. आगबोट त्या महिन्यात आली आणि तिला न घेता गेली. जहूरनं माझी खाट एका केरळच्या पोऱ्याला देऊन टाकली.

आता तुम्ही विचाराल, मग काय परकारसाहेब, मजा आहे! घरात स्वतःचं तळं!

तर ऐका. अस्र झाली की उम्म खलफ येतात. त्यांच्या सुना येतात. मग गल्लीतल्या आणखी कोणकोण येतात. दार आतून बंद होतं, आणि मी माझ्याच घराबाहेर गल्लीत. बू खलफनी एक बाकडं टाकून घेतलंय, त्यावर आम्ही दोघं बसतो. भिंतीपलीकडून पाण्याचा सपसप आवाज येतो, हसणं येतं, आणि सगळ्यांच्या वर रशीदाचा आवाज, "पाय मारा! गुडघे नको!" अरबी बायकांना ती मराठीतून पोहायला शिकवते आणि त्या शिकतात! बू खलफ डोळे मिटून ऐकतात. मीही मिटतो. भिंतीवरून कधी चार थेंब उडून येतात. अर्ज माझा, परवानगी माझ्या नावावर, आणि माझ्या वाट्याला ते चार थेंब!

गेल्या आठवड्यापासून बाकड्यावर तिसरा माणूस असतो, मुनीरसाहेब. त्यांचेही 'घरके लोग' यायला लागलेत. पहिल्या दिवशी ते शांत बसले, कॉफी प्यायले. मग उठले, खिशातून टेप काढला आणि बाकडं मोजलं.

"परकारसाहब," ते म्हणाले, "ये बेंच गली में दो हाथ बाहर है. अर्जी देनी पडेगी."

मी गुपचूप आत जाऊन घरचा टाइपरायटर आणणार होतो. पण दार आतून बंद होतं.